पिंजऱ्यात हजारो, रानात मोजक्या : बाली मैनेचा हिशेब

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : बाली मैना हा पक्षी जगात फक्त इंडोनेशियातल्या बाली बेटावर आढळतो आणि तिथल्या रानातून तो जवळजवळ संपला, असे वाचनात आले, दुसरीकडे जगभर पिंजऱ्यांमध्ये हजारो बाली मैना असल्याचेही वाचले. मग या पक्ष्याला दुर्मीळ कसे म्हणायचे? पिंजऱ्यातले पक्षी रानात सोडून दिले की प्रश्न मिटत नाही का? आणि आपल्याकडे कोणाला तो पाळायचा असेल, तर पाळता येतो का?

मी पक्ष्यांचा पशुवैद्य आहे. गेली पंचवीस वर्षे पिंजऱ्यातल्या आणि जखमी होऊन आलेल्या पक्ष्यांवर उपचार करणे हेच माझे काम आहे, आणि मैनावर्गातल्या पक्ष्यांचे आजार हा त्यातला माझा विशेष आस्थेचा विषय आहे. बालीच्या पश्चिम टोकाच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन हा पक्षी मी पाहिलेला आहे. त्यामुळे प्रश्नाचा मधला भाग, म्हणजे ‘सोडून का देत नाहीत’ हा, मला सर्वांत जवळचा आहे आणि उत्तरातली बरीच जागा तोच घेणार आहे.

आधी पक्ष्याची ओळख करून घेऊ. आकाराने बाली मैना आपल्या साळुंकीएवढीच, म्हणजे साधारण २५ सेंटिमीटर लांब असते. अंग पांढरेशुभ्र, पंखांची आणि शेपटीची टोके मात्र काळी, जणू कोणी दौतीत बुडवून काढलेली. डोळ्याभोवती पिसे नसलेली निळी कातडी असते आणि हा निळा रंग इतका गडद असतो की छायाचित्रात तो पाहणाऱ्याला कोणीतरी नंतर भरला आहे असे वाटते. डोक्यावर मागे झुकलेला लांब पिसांचा तुरा असतो. नराचा मादीपेक्षा थोडा लांब, पण एवढ्यावरून नर-मादी ओळखायला मी स्वतः धजणार नाही. जोडीदारासमोर किंवा दुसऱ्या पक्ष्यावर हक्क सांगताना ती मान ताणते, तुरा उभा करते आणि शिट्ट्या-किलबिलाट करीत सगळे अंग खालीवर हलवते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते नमस्कार घातल्यासारखे वाटते. साळुंकी, भांगपाडी मैना, भोरडी हे सगळे तिचे कुळबंधू. परंतु शास्त्रीय वर्गीकरणात तिची प्रजाती तिची एकटीचीच आहे, त्या प्रजातीत दुसरी जात नाही.

एक सावधगिरीची सूचना इथेच देतो. त्याच भागात काळ्या पंखांची एक पांढरी मैनाही राहते. तिच्या पंखांवर काळा रंग बराच जास्त असतो, डोळ्याभोवतीची कातडी निळी नसते आणि लांब तुराही नसतो. लांबून आणि घाईत पाहिले की हौशी पर्यटक हमखास तिलाच बाली मैना समजून यादीत खूण करतात.

आता तिचे रान. ‘उष्ण कटिबंधातले बेट’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सदाहरित, ओलेचिंब, वेलींनी गच्च भरलेले जंगल येते. बाली मैनेचे रान तसे अजिबात नाही. बेटाच्या वायव्येला पर्जन्यछायेत कोरड्या, पानगळीच्या जंगलाचा आणि मोकळ्या माळरानाचा जो पट्टा आहे, तो तिचे घर. तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी झाडे ओळखू लागलो आणि मला हसू आले, कारण ती आपल्याच ओळखीची होती. हिवर, बोर, ताड, कोशिंब. आणि झाडांखाली माजलेली घाणेरी. तिथे त्यांची नावे वेगळी, पण खोड, काटा, पान तेच. आपल्याकडचा माणूस उन्हाळ्यात सोलापूर-नगरच्या बाजूच्या एखाद्या रानात उभा असावा तसे वाटते, फक्त डाव्या हाताला समुद्र असतो. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे पावसाचे चक्र आपल्या उलटे आहे : साधारण नोव्हेंबर ते मार्च हे पावसाचे महिने आणि आपला पावसाळा तो त्यांचा कोरडा काळ. पाऊस सुरू होऊन किडे-अळ्या मुबलक झाल्या की जोड्या वीण काढतात. सुतार पक्ष्याने कोरून सोडलेली किंवा नैसर्गिकरीत्या झालेली झाडाची ढोली लागते. त्यात दोन-तीन फिकट निळसर अंडी, सुमारे दोन आठवडे उबवण, आणि पुढे तीन-चार आठवड्यांत पिल्ले बाहेर. विणीचा काळ सोडला तर त्या थव्याने राहतात आणि रात्री एकाच झाडावर दाटीवाटीने झोपतात. ही शेवटची सवय लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

विज्ञानाला हा पक्षी माहीत झाला तो १९११ साली. एर्विन श्ट्रेसेमान या तरुण जर्मन पक्षिशास्त्रज्ञाला उत्तर बालीतल्या बुबुनान गावाच्या परिसरात तो मिळाला आणि पुढच्या वर्षी त्याने वॉल्टर रॉथ्सचाइल्ड या इंग्रज संग्राहकाचे नाव त्याला दिले. तेव्हाही हा पक्षी बेटभर पसरलेला नव्हता. वायव्येच्या त्या अरुंद कोरड्या पट्ट्यातच तो राहत असे. म्हणजे ज्याला आपण ‘फक्त एका बेटावर आढळणारा’ म्हणतो, तो प्रत्यक्षात एका बेटाच्या एका कोपऱ्यात आढळणारा पक्षी होता. पुढच्या काळात त्याच कोपऱ्यात नारळ आणि शेवरीसारख्या कापसाच्या झाडांचे मळे आले, वस्त्या वाढल्या, जळणासाठी झाडे तुटली, आणि जुनी ढोलीची झाडे आधी गेली. हे नुकसान खरे आहे. तरीही पक्षी संपत आला तो त्यामुळे नव्हे, हे मी ठामपणे म्हणतो, कारण राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत राहण्याजोगे रान शिल्लक असताना पक्षी नाहीसे झाले. रान रिकामे झाले ते पकडून नेल्यामुळे.

इथे जावा-बालीकडची पक्षी पाळण्याची रीत समजून घेतली पाहिजे, नाहीतर आपण उगाच कोणाला तरी दोष देऊन मोकळे होतो. जावानी परंपरेत संसारी पुरुषाला पूर्णत्व येते ते पाच गोष्टींनी : घर, पत्नी, घोडा, क्रिस नावाचा खंजीर आणि पक्षी. त्या भाषेतले शब्द पाहिले तर आपल्याला परके वाटत नाहीत. घोड्याला ‘तुरंग्ग’ म्हणतात, तो आपला तुरंग. खंजिराला ‘चुरिग’ म्हणतात, ती संस्कृतातली छुरिका. आणि पक्ष्याला ‘कुकिल’, म्हणजे सरळसरळ आपली कोकिळा. घराच्या ओसरीवर टांगलेला पिंजरा हा तिथे क्रूरतेचा नव्हे, तर घरंदाजपणाचा आणि स्वस्थचित्त आयुष्याचा भाग मानला जातो. त्यात गेल्या काही दशकांत गाणाऱ्या पक्ष्यांच्या स्पर्धांची भर पडली. मंडपात रांगेने पिंजरे टांगतात, परीक्षक वही घेऊन खालून फिरतात, कोणाचा पक्षी किती वेळ, किती प्रकारे आणि किती दमदार गातो त्यावर गुण देतात आणि जिंकलेल्या पक्ष्याची किंमत दुसऱ्या दिवशी कितीतरी पटीने वाढलेली असते. या छंदाचे राजकीय वजनही मोठे आहे. २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या सरकारने संरक्षित पक्ष्यांच्या यादीत अनेक गाणाऱ्या जाती घातल्या, तेव्हा पक्षी पाळणाऱ्यांनी एवढा विरोध केला की काही महिन्यांतच त्यांतल्या लोकप्रिय जाती यादीतून काढाव्या लागल्या. आपल्या सह्याद्रीतही गाणारा शामा त्यांपैकी एक.

बाली मैना स्पर्धेतली गायिका म्हणून तशी नावाजलेली नाही. तिचा मान रूपाचा आणि दुर्मीळपणाचा. आणि दुर्मीळपणासाठी जी वस्तू हवी असते, ती कमी होत गेली की महाग होते, महाग झाली की तिच्यामागे आणखी माणसे लागतात आणि ती आणखी कमी होते. हे चक्र इथे शेवटपर्यंत फिरले. पांढरा पक्षी हिरव्या-करड्या रानात लपत नाही. त्यात रात्री सगळे एकाच झाडावर झोपणार. एकदा ते झाड कळले की जाळे किंवा फांदीला फासलेला चिकट लासा घेऊन दोन माणसे एका रात्रीत जेवढे पक्षी काढतील, तेवढी त्या थव्याची दोन-तीन वर्षांची वीण असते.

आकडे सांगतो. १९९० च्या सुमारास रानात पंधराच्या आसपास पक्षी उरले होते. त्यानंतर बंदिवासात वाढवलेले पक्षी सोडून संख्या थोडी सावरली, पुन्हा पकडले गेले, पुन्हा खाली आली. १९९९ मध्ये तर उद्यानातल्या प्रजनन केंद्रावरच सशस्त्र टोळीने धाड घातली आणि रानात सोडण्यासाठी तयार ठेवलेल्या ३९ पक्ष्यांपैकी जवळजवळ सगळे पळवून नेले. या जातीला इंडोनेशियाच्या कायद्याचे पूर्ण संरक्षण होते. १९९० च्या त्यांच्या निसर्गरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा कोटी रुपियांपर्यंत दंड अशी तरतूद होती. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात तिचे नाव आहे. एवढे सगळे असताना २००१ मध्ये रानात सहा पक्षी मोजले गेले. त्याच काळात जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत या जातीचे पक्षी शेकड्यांनी होते आणि इंडोनेशियातल्या खासगी पिंजऱ्यांत त्याहून अधिक.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की पिंजऱ्यातली संख्या आणि रानातली संख्या या एकाच खात्यातल्या दोन रकमा नाहीत. पिंजऱ्यातली मैना बी टाकत नाही, अळ्या खात नाही, ढोलीसाठी भांडत नाही, आणि रानातली मैना संपली तर तिचे काम पिंजऱ्यातून होत नाही. बालीत जे अपुरे होते ते पक्षी नव्हेत. सोडलेला पक्षी उद्याही तिथेच दिसेल, याची हमी अपुरी होती.

आता माझ्या कामाच्या भागाकडे येतो. समजा ती हमी मिळाली. तरी पिंजऱ्याचे दार उघडून पक्षी सोडता येत नाहीत, याला तीन कारणे आहेत आणि तिन्हींचे वजन सारखे नाही.

पहिले आणि मला सर्वांत गंभीर वाटणारे कारण आजाराचे. बंदिवासातल्या बाली मैनांमध्ये आतड्यातल्या एका सूक्ष्म परजीवीचा त्रास फार जुना आहे. आम्ही त्याला अ‍ॅटोक्सोप्लाझ्मोसिस म्हणतो. कोंबड्यांतल्या ज्या रक्ती हगवणीला पोल्ट्रीवाले कॉक्सी म्हणतात, त्याच गोतावळ्यातला हा परजीवी आहे, पण याची तऱ्हा वेगळी. तो आतड्यात थांबत नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशींत शिरून यकृत, प्लीहा, फुप्फुस असा पसरतो. मोठ्या पक्ष्याला सहसा काहीही होत नाही. तो खातो, गातो, वीण काढतो आणि विष्ठेतून परजीवीची अंडुके टाकत राहतो. मरतात ती घरट्यातून नुकती बाहेर पडलेली पिल्ले : काल फांदीवर बसायला शिकलेले पिल्लू आज पिसे फुगवून तळाशी बसलेले, उद्या मेलेले. निदानातली एक गोष्ट नव्या पशुवैद्यांना मी आवर्जून सांगतो. मैनेसारख्या पक्ष्यांत ही अंडुके दिवसभर सारखी पडत नाहीत. दुपारनंतर त्यांचे प्रमाण खूप वाढते. सकाळी विष्ठा तपासून ‘निरोगी’ असा शेरा मारलेल्या पक्ष्याचा संध्याकाळचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर काचपट्टीवर अंडुकांची रास दिसू शकते. असा पक्षी रानात गेला, तर तो एकटा जात नाही. ढोल्या, पाणवठे आणि फळझाडे तो रानातल्या इतर मैनांबरोबर वाटून घेतो, आणि मग त्या आजाराला पिंजरा उरत नाही.

दुसरा आजार संसर्गाचा नाही, पण पिंजऱ्याची मर्यादा दाखवणारा आहे. मैना, टुकान अशा फळे-किडे खाणाऱ्या काही पक्ष्यांच्या शरीराला अन्नातले लोह गरजेइतकेच घेऊन थांबता येत नाही. रानातल्या आहारात लोह कमी असते, तेव्हा जेवढे मिळेल तेवढे शोषून घेणारे आतडे ही सोय असते. पिंजऱ्यात मात्र तीच घातक ठरते. लोह यकृतात साठत जाते, यकृत सुजते, पोटात पाणी होते आणि पक्षी चोच उघडी ठेवून धापा टाकू लागतो. माझ्या सुरुवातीच्या काळात एका खासगी पक्षिसंग्रहातली डोंगरी मैना माझ्याकडे ‘दम्याचा त्रास’ म्हणून आली होती. मालक प्रेमाने तिला रोज संत्र्याची फोड आणि कुत्र्याच्या खाद्याचे भिजवलेले दाणे देत असे. मी चार दिवस श्वसनाच्या संसर्गाचा उपचार केला. पाचव्या दिवशी ती गेली. शवविच्छेदनात यकृत दुप्पट मोठे आणि गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचे निघाले. कुत्र्याच्या खाद्यात लोह भरपूर आणि संत्र्यातले क जीवनसत्त्व ते लोह शोषायला मदत करणारे, म्हणजे मालकाने आणि मी मिळून तिचा आजार पोसला होता. आज अशा पक्ष्यांना कमी लोहाचे खाद्य देतात, आंबट फळे टाळतात, आजार कळला तर वजनाच्या एक टक्क्याच्या आत रक्त ठरावीक अंतराने काढतात. काही संग्रहालयांत तर पिण्यासाठी कोरा चहा देण्याचे प्रयोग झाले, कारण चहातले टॅनिन लोहाला अडवते. बाली मैना या आजाराला बळी पडणाऱ्यांपैकीच आहे. सोडायच्या पक्ष्याचे यकृत आधीच भरलेले असेल, तर रानातला पहिला कष्टाचा महिना तो काढत नाही.

दुसरे कारण रक्ताचे. प्राणिसंग्रहालयांतल्या बाली मैना मोजक्या मूळ पक्ष्यांपासून वाढल्या. आपल्याकडे सोयरीक जुळवताना गोत्र पाहतात, तसेच इथे प्रत्येक पक्ष्याची वंशावळ लिहिलेली वही ठेवतात, आणि दोन पक्षी एकमेकांच्या किती नात्यात आहेत हे काढून, कमीत कमी नाते असेल ती जोडी लावतात. चांगली संग्रहालये हे काटेकोरपणे करतात. खासगी पिंजऱ्यांत मात्र जो पक्षी सहज अंडी घालतो त्याचीच पिल्ले वाढतात. दहा पिढ्यांनी पिंजऱ्यात खूश राहणारा, माणसाला न घाबरणारा पक्षी तयार होतो. विक्रीसाठी तो उत्तम, रानासाठी निरुपयोगी. शिवाय सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या मैनेशी संकर झालेले पक्षीही बाजारात असतात, ते वेगळेच.

तिसरे कारण सवयीचे, आणि ते त्यातल्या त्यात सुटण्यासारखे आहे. पक्षी आधी त्याच रानात उभारलेल्या मोठ्या जाळीदार पिंजऱ्यात ठेवतात, तिथलीच फळे आणि किडे खायला लावतात, दार उघडल्यावरही काही काळ बाहेर खाद्य मांडतात आणि ते हळूहळू कमी करतात. जुन्या झाडांच्या ढोल्या अपुऱ्या म्हणून लाकडी घरटी-पेट्या टांगतात. त्या पेट्यांवर मधमाश्या, टोके नावाच्या मोठ्या पाली आणि त्या काळ्या पंखांच्या मैनाही हक्क सांगतात, म्हणून त्या अधूनमधून तपासाव्या लागतात. हे कष्टाचे काम आहे, पण त्यात गूढ काही नाही.

मग हमीचे काय? ती बालीत दोन वेगळ्या वाटांनी आली, आणि हा भाग मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो.

एक वाट नुसा पेनिडा या बेटाची. हे बालीच्या आग्नेयेला असलेले लहानसे बेट. तिथल्या पशुवैद्य बायू विरायुधा यांनी उभ्या केलेल्या संस्थेने आधी पक्षी आणले नाहीत. आधी गावांशी बोलणी केली. बालीत प्रत्येक पारंपरिक गावाचे स्वतःचे लिखित-अलिखित नियम असतात, त्यांना ‘अविग-अविग’ म्हणतात. मंदिराचा उत्सव, पाण्याची वाटणी, लग्नकार्य, सगळे त्यात येते, आणि नियम मोडणाऱ्याला दंडाबरोबर गावाच्या नजरेतून उतरण्याची शिक्षा मिळते. पक्षी पकडायचा नाही, हे कलम बेटावरच्या गावांनी आपल्या अविग-अविगमध्ये घातले. त्यानंतर २००६ आणि २००७ मध्ये तिथे बंदिवासात वाढलेले ६४ पक्षी सोडले गेले आणि ते नारळीच्या बागांत, वस्तीच्या कडेला वीण काढू लागले. जकार्तात बसलेला कायदा जे करू शकला नाही, ते गावच्या पारावर झाले, असे म्हणायला हरकत नाही. यावर आक्षेपही आहेत आणि ते मला मान्य आहेत : नुसा पेनिडा हे या पक्ष्याचे मूळ स्थान नव्हे, आणि तिथली नारळीची बाग म्हणजे वायव्य बालीचे हिवर-बोरीचे रान नव्हे. मी त्याकडे दुसऱ्या गावी ठेवलेल्या ठेवीसारखे पाहतो. मूळ घर जळाले तरी ती राहते.

दुसरी वाट मूळ घराची, आणि ती अनेक निसर्गप्रेमींना पचत नाही. राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या गावांतल्या लोकांना बाली मैना पैदास करण्याचे परवाने दिले गेले. ज्यांना रानातून पक्षी काढणे माहीत होते, त्यांच्याच शेजारपाजारच्या अंगणात पिंजरे आले. इंडोनेशियाच्या नियमांनुसार संरक्षित जातीची बंदिवासातली दुसरी आणि पुढची पिढी विकता येते. पैदास करणाऱ्याने पिल्लांच्या पायात अखंड कडी घालायची, नोंद ठेवायची आणि ठरावीक हिस्सा रानात सोडण्यासाठी परत द्यायचा. ही कडी पिल्लू काही दिवसांचे असतानाच पायात सरकते. पंजा वाढला की ती काढता किंवा घालता येत नाही, म्हणून मोठ्या पक्ष्याच्या पायातली न कापलेली कडी हा त्याच्या बंदिवासातल्या जन्माचा बऱ्यापैकी पुरावा असतो. परवानाधारकांकडे पक्षी वाढले तशी बाजारातली किंमत उतरली. जो पक्षी शेजाऱ्याकडून कागदपत्रांसह विकत मिळतो, त्यासाठी रात्री उद्यानात शिरून तुरुंगाचा धोका कोण घेईल? पकडण्याचा दाब कमी झाल्यावर सोडलेले पक्षी टिकू लागले, आणि २०२१ पर्यंत उद्यानातली संख्या चारशेच्या वर गेली. सहावरून चारशे.

या मार्गाबद्दल माझे मत एकेकाळी प्रतिकूल होते. परवान्याच्या आडून रानातला पक्षी खपवला जाईल, ही भीती मला अजूनही वाटते, आणि इतर जातींच्या बाबतीत तसे झालेले आहे. ही युक्ती सगळ्या पक्ष्यांना लागू पडेल असेही मी म्हणणार नाही. बाली मैना पिंजऱ्यात सहज वीण काढते, लोकांना ती रूपासाठी हवी असते, आणि पिंजऱ्यात जन्मलेली मैना रूपात कमी पडत नाही. गाणाऱ्या पक्ष्याचे तसे नसते. शौकीन म्हणतो, रानातल्याचा गळा वेगळा, आणि मग कितीही पैदास केली तरी रानातल्याला मागणी राहतेच. चारशे या आकड्यातही किती पक्षी अजून मांडलेल्या खाद्यावर आणि टांगलेल्या पेट्यांवर अवलंबून आहेत, हे पाहावे लागते. जागतिक निसर्गरक्षण संघाच्या यादीत ही जात अजून अतिसंकटग्रस्त वर्गातच आहे, आणि ती तिथे आहे ते बरोबर आहे.

शेवटचा प्रश्न, आपल्याकडे पाळता येईल का? पोपट असो, साळुंकी असो की डोंगरी मैना, देशी पक्षी पकडणे, विकणे आणि घरात ठेवणे आपल्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. परदेशी पक्ष्यांच्या बाबतीत मात्र बराच काळ मोकळीक होती. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यामुळे साइट्स करारातल्या परदेशी जाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. अशा जातीचा जिवंत पक्षी ज्याच्याकडे असेल त्याने केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर त्याची नोंदणी केली पाहिजे. जन्म, मृत्यू, हस्तांतर हेही कळवले पाहिजे. यासाठीचे नियम २०२४ च्या फेब्रुवारीत आले. बाली मैना पहिल्या परिशिष्टातली असल्यामुळे व्यापारासाठी ती आणणे मुळातच बंद आहे. अपवाद फक्त करारांतर्गत नोंदलेल्या पैदास केंद्रातल्या पक्ष्याचा, आणि त्यालाही निर्यात-आयातीचे दोन्ही परवाने लागतात. ‘कागद नंतर करून देतो’ असे सांगून कोणी हा पक्षी दाखवत असेल, तर तो तस्करीचा पक्षी आहे असे समजून वनखात्याला कळवावे. आणि कागद पक्के असले तरी, वर सांगितलेले लोहाचे आणि परजीवीचे दुखणे ओळखू शकणारा पशुवैद्य तुमच्या गावापासून किती तासांवर आहे, हे आधी विचारून घ्या. बहुतेकांना या एका प्रश्नावरच थांबावे लागते.

पाहायचीच असेल तर बालीला जाणारे आता आपल्याकडे पुष्कळ आहेत. दक्षिणेच्या किनाऱ्यांवरून एक दिवस काढून पश्चिमेकडे गिलिमानुकच्या बाजूला जावे. जावाकडे जाणारी फेरी तिथून सुटते आणि उद्यान तिथेच सुरू होते. उद्यानाचा वाटाड्या घ्यावा, उजाडायच्या आत निघावे आणि मोकळ्या माळावरच्या सुकलेल्या फांद्यांवर नजर ठेवावी. पांढरा ठिपका दिसला की दुर्बीण आधी डोक्याकडे न्यावी, निळी कातडी पाहून खात्री करावी, आणि मग खाली पायांकडे आणावी. पायात कडी दिसली तर तो माणसाच्या अंगणात जन्मून रानात आलेला पक्षी. मी गेलो होतो त्या सकाळी हिवराच्या एका फांदीवर तीन होत्या. दोघींच्या पायांत कड्या होत्या, त्या इकडेतिकडे बघत निवांत बसून होत्या. तिसरी सारखी त्यांच्यासमोर पंख थरथरवून चोच उघडत होती, आणि तिचे दोन्ही पाय मोकळे होते.